थोरल्याचं तिकीट

माझा भाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. हे वाक्य मी इतक्या कचेऱ्यांत, इतक्या काउंटरांवर आणि इतक्या भाषांत सांगितलं आहे की आता ते म्हणताना माझा आवाज आपोआप चढतो. आमच्या दोघांची कार्डं पुढ्यात ठेवली की समोरचा माणूस आधी कार्डं बघतो, मग आमची तोंडं बघतो आणि शेवटी कार्डांवर विश्वास ठेवतो. कार्डावर मी मोठा आहे. पासपोर्टवर मी मोठा आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही मीच मोठा, आणि भानगडीचं मूळ तिथंच आहे.

आमचं गाव रायगडात, खाडीच्या काठाला. बाबा जहाजावर खलाशी, वर्षातून दीड महिना घरी. वाडीत उर्दू शाळा नव्हती म्हणून आम्ही मराठी शाळेत गेलो, आणि त्याचा मला कधी पस्तावा झालेला नाही. ज्या जूनमध्ये आईनं आम्हाला शाळेत नेलं, तेव्हा भाई सात वर्षांचा होता आणि मी पाच. भाईला आदल्याच वर्षी घालायचं होतं, पण त्या साली त्याला विषमज्वर झाला. दोन महिने तो अंथरुणाला खिळून होता. उठला तेव्हा पार वाळून गेला होता, आणि पुढं बरेच दिवस त्याची उंची वाढलीच नाही. मी मात्र लंबूटांग, हातापायांच्या नुसत्या काठ्या.

तेव्हा जन्माचा दाखला कुणाकडे असायचा? हेडगुरुजींकडे वय ठरवायची एक पद्धत होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान पकडायचा. कान लागला तर पोर सहा वर्षांचं, घेतलं शाळेत. नाही लागला तर पुढच्या वर्षी या. मी हात टाकला आणि माझी बोटं कानाच्या पाळीपर्यंत गेली. भाईनं टाकला, तर त्याची बोटं कानाच्या वरच्या कडेजवळ येऊन थांबली. त्यानं मान वाकडी केली, तर गुरुजींनी छडीनं ती सरळ केली.

आई म्हणाली, "गुरुजी, ह्यो मोठा हाय. ह्यो माझा पयला."

"मोठा असता तर कान लागला असता, बाई," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. वय सहा पूर्ण, जन्मतारीख एक जून. त्या काळचा निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला आहे, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजींना हिशेब सोपा पडायचा. पुढच्या वर्षी भाईचा कान लागला. त्याचंही वय सहा पूर्ण, तारीख एक जून. तेव्हापासून सरकारदरबारी मी माझ्या थोरल्या भावापेक्षा एक वर्षानं मोठा आहे. आज माझं खरं वय एकोणसाठ, कागदावर साठ. भाईचं खरं एकसष्ट, कागदावर एकोणसाठ.

ते पहिलं वर्ष भाई मला शाळेत सोडायला यायचा आणि बाहेर चिंचेखाली बसून राहायचा. पुढं तो शाळेत आला, पण माझ्या मागच्या इयत्तेत. पोरं चिडवायची, धाकट्याच्या मागं थोरला. ज्यानं चिडवलं त्याचं दप्तर त्याच दिवशी खाडीत जायचं, त्यामुळं हे प्रकरण फार चाललं नाही. आणि घरात तर प्रश्नच नव्हता. थोरला तो थोरलाच. बाबा जहाजावर गेले की बाजारहाट तो करणार, कुणाशी भांडायचं तर तो भांडणार, आणि मी त्याच्या मागं पिशवी धरून उभा राहणार.

बहरीनला आधी तोच आला. तीन वर्षांनी त्यानं मला आणलं. तो जिदहफ्स गावातल्या एका गॅरेजात मेकॅनिक आहे, आणि मी एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर, म्हणजे कोण माणूस किती वाजता आला-गेला ते लिहिणारा. इतकी वर्षं आम्ही नईम वस्तीत एकाच खोलीत राहिलो. बायकामुलं गावी. भाईबद्दल मी काही सांगायला लागलो की लोकांना वाटतं फुशारकी मारतोय, तर मारतोय. गाडी गॅरेजच्या दारात वळायच्या आधी, नुसत्या आवाजावरून, आत कुठलं बेअरिंग गेलंय ते तो सांगतो. मोठमोठ्या गाड्यांचे अरब मालक दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू देत नाहीत. "तुझा भाऊ कधी मोकळा होईल?" असं मला विचारतात, आणि मी म्हणतो, "परवा, इंशाल्ला." ते परवापर्यंत थांबतात. माझ्या कंपनीतल्या कुठल्या साहेबासाठी असं कुणी थांबल्याचं मी बघितलेलं नाही.

आम्ही दोघं बरोबर असलो की माझं पाकीट बाहेर काढायची मला परवानगी नाही. हा नियम त्यानं कधी बोलून दाखवलेला नाही, पण पाकिटाकडं हात गेला की तो डोळे वटारतो. पहिल्या पगारात मी बाब अल बहरीनच्या बाजारातल्या एका दुकानातून त्याला घड्याळ घेतलं. त्यानं ते घातलं, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी घड्याळापेक्षा महाग बूट घेऊन आला. तेव्हा कळलं की या माणसाला काही देण्यात आपलाच तोटा आहे.

शर्यतींचा नाद त्याचाच. गेली सहा-सात वर्षं दक्षिणेकडं, तेलाच्या पाइपलाइनी ओलांडून गेल्यावर, वाळवंटात एका लंबगोल मैदानावर थंडीच्या दिवसांत मोटारसायकलच्या शर्यती होतात. शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर. या मोटारसायकलींना ब्रेक नसतो. गिअर एकच. चार जण सुटतात, दाबून बसवलेल्या मातीवर चार फेऱ्या मारतात आणि वळतात ते फक्त डावीकडं, तेही मागचं चाक मुद्दाम घसरवत, डावा पाय जमिनीला घासत. त्या पायातल्या बुटाला लोखंडी तळ असतो. मिनिटाभरात शर्यत खलास. मला पहिल्यांदा हे सगळं वेडेपणाचं वाटलं. भाई म्हणाला, "ब्रेक नाय, म्हणजे इंजिनावर भरवसा ठेवावा लागतो. मना ह्येच आवडतं." पुढं एका बहरीनी रायडरनं बुटाचा लोखंडी तळ भाईकडूनच ठोकून घेतला. त्या वर्षी तो रायडर शेवटून दुसरा आला, पण तळ काही निघाला नाही, हे मी सगळ्या खोलीवाल्यांना सांगितलं.

या हिवाळ्याची गोष्ट वेगळी होती. आमच्या कंपनीत साठ झाले की व्हिसा रिन्यू करत नाहीत. गेल्या एक जूनला मी कागदावर साठचा झालो, आणि मार्चमध्ये व्हिसा संपला की मी कायमचा घरी जाणार, असं पत्र मला मिळालं. भाई कागदावर अजून साठीच्या आत, त्यामुळं त्याच्या व्हिसाला अडचण नाही, आणि गॅरेजमालकाला तर तो हवाच आहे. तो म्हणतो, हा चालतोय तोवर गॅरेज चालतंय. म्हणजे खरा साठी ओलांडलेला माणूस इथं राहणार, आणि साठीला एक वर्ष कमी असलेला मी परत जाणार. हेडगुरुजी आज असते तर त्यांना मी दोन शब्द ऐकवले असते.

पत्राचं मला दुःख नव्हतं. गावी जायला कुणाला नको असतं? भीती वेगळीच होती. आईचा एक डोळा मागेच ऑपरेशनात गेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चाललाय. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा, नाहीतर वर्षभरात काही दिसणार नाही. आई म्हणते, आहे ते अंधुक तरी दिसतंय, ते पण जाईल. सगळ्यांनी समजावलं, तर तिचं एकच पालुपद, "माझा थोरला सांगेल ते करीन." आणि थोरला काही सांगत नव्हता. दोन महिने मी त्याला विचारत होतो, भाई, काय करायचं? तो म्हणायचा, बघू. उभ्या आयुष्यात हा माणूस कधी 'बघू' म्हणालेला नाही. मला काही कळेना. मी आईजवळ जाणार, ऑपरेशन केलं तर मीच तिला घेऊन जाणार, आणि काही बरंवाईट झालं तर तिच्यासमोर मीच बसलेला असणार. 

शर्यतीच्या शुक्रवारी आम्ही त्याच्या जुन्या पिकअपमधून निघालो. वाटेत मी फोनवर यंदाचे तिकिटाचे नियम वाचून दाखवले. नवीनच काढले होते: बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, साठ आणि त्यापुढच्यांना अर्धं तिकीट, कार्ड दाखवावं लागेल.

"ही काय पद्धत झाली?" मी म्हणालो. मला असल्या गोष्टींचा राग लवकर येतो. "आमच्या कंपनीतला रिटायर झालेला मॅनेजर बायकोला घेऊन येणार, मोठ्या गाडीतून उतरणार, आणि अर्धं तिकीट घेणार. आणि परांचीवर, स्कॅफोल्डिंगवर चढणारा पंचविशीतला माणूस, जो महिन्याचा सगळा पगार घरी पाठवतो, तो पूर्ण भरणार. वय बघून सूट का? खिसा बघून द्या ना."

"खिसा कोण दाखवणार?" भाई म्हणाला. "कार्ड दाखवता येतं. आणि ही सूट गरिबीची नाय, वयाची हाय. मान म्हणून देतात."

"मान द्यायचा तर पुढची खुर्ची द्या. सावलीत बसवा. पैसे सोडले की मान होतो काय?"

"तू वकील व्हायला पायजे होतास," तो म्हणाला. "मग ल्हान पोरांना का सूट? त्यांचा काय मान?"

"पोरांना आईबाप आणतात म्हणून. पोरांचं पूर्ण तिकीट लावलं तर आईबापही येणार नाहीत. ती धंद्याची सूट झाली."

"मग म्हाताऱ्यांची पण धंद्याचीच. म्हातारा एकटा येत नाय, चार जणांना घेऊन येतो." तो हसला. "माझा म्हातारा धाकटा भाऊ बघ, मना घेऊन चाललाय."

मी हसलो नाही. कागदावरच्या वयाची चेष्टा मी एरवी चालवून घेतो, पण त्या महिन्यांत ती मला झोंबत होती.

तिकिटाच्या खिडकीवर चांगली लांब रांग होती. आमच्या मागं स्कॅफोल्डिंगवालेच सात-आठ जण उभे होते, कंपनीच्या बसमधून आलेले, सगळे विशी-पंचविशीतले. आत एक मल्याळी मुलगी बसली होती, चुणचुणीत. भाईनं नेहमीप्रमाणं पाकीट उघडून हातात धरलं आणि दोघांची कार्डं खिडकीतून आत सरकवली. तिनं ती यंत्राला लावली, आमच्याकडं बघितलं आणि मला म्हणाली, "अंकल, आपका हाफ. आपके छोटे भाई का फुल."

छोटे भाई. अख्ख्या रांगेनं ते ऐकलं. भाईच्या हातात पाकीट तसंच उघडं राहिलं, आणि तो त्यातल्या नोटांकडं बघत उभा राहिला. चोपन्न वर्षांपूर्वी गुरुजींनी छडीनं मान सरळ केली तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला होता. मला ते सहन झालं नाही.

"ये मेरा बड़ा भाई है," मी म्हणालो.

"अंकल, कार्ड में आप बड़े हैं."

"कार्ड गलत है."

मुलीनं पुन्हा कार्डाकडं बघितलं. "तो अंकल, फिर आप भी साठ के नहीं हुए ना? फिर आपका भी फुल होगा."

पोरीनं नेमक्या जागी पकडलं. मागचे दोघं-तिघं हसले. मी आणखी भडकलो. म्हणालो, तसं असेल तर माझी सूट यांना दे, माझं पूर्ण कर, यांचं अर्धं कर, तुझ्या पेटीत पैसे तेवढेच पडतील. ती म्हणाली, सिस्टिम घेत नाही. मी म्हणालो, सिस्टिमला बोलाव बाहेर. खरं सांगतो, त्या वेळी मला तिकिटाचं काही देणंघेणं नव्हतं. चाळीस लोकांच्या पुढं माझ्या भाईला छोटा म्हणून कुणी मोजलं होतं, आणि ते मला खोडून काढायचं होतं.

आवाज ऐकून आतून एक सुपरवायझर आला. पांढरा पायघोळ तोब, हातात वॉकीटॉकी, पन्नाशीचा बहरीनी माणूस. मी त्याला मोडक्या अरबीत आणि धड हिंदीत सगळं सांगितलं, हात डोक्यावरून नेऊन कान कसा पकडायचा ते करूनही दाखवलं. माझी बोटं आता कानाच्या खाली गालापर्यंत जातात, त्यामुळं मागचे लोक पुन्हा हसले. सुपरवायझर मात्र हसला नाही. त्यानं भाईकडं नीट बघितलं.

"मेरा बाबा का कार्ड में एक जनवरी," तो म्हणाला. "उसका अम्मा बोलता था, खजूर पकने के टाइम में पैदा हुआ. जनवरी में खजूर? मफी, होता नहीं." मग त्या मुलीला म्हणाला, "दोनों को हाफ दे दो. ये बड़ा है, देखने से मालूम पड़ता है."

मी जिंकलो होतो. माझी छाती फुगली. तेवढ्यात भाई बोलला. 

"शुक्रिया, अरबाब," तो म्हणाला; इथं साहेबाला अरबाब म्हणतात. "पण कार्ड में जो लिखा है, वही करो. मेरा फुल. पीछे लाइन खड़ा है."

सुपरवायझरनं पुन्हा एकदा आग्रह केला. भाईनं छातीवर हात ठेवून मान हलवली. तिथं माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, पैशाला नको म्हणतोय, ठीक आहे, त्याचा स्वभावच तो. आता पाकिटातून नोटा काढेल आणि नेहमीसारखी दोघांची तिकिटं घेईल. पण त्यानं पाकीट मिटलं आणि मागच्या खिशात घातलं.

"काढ पाकीट," तो मला म्हणाला.

"काय?"

"थोरला तू हायस ना? एवढी पंचायत बोलावलीस, शेवटी कार्डाचंच खरं ठरलं. मग काढ. धाकट्या भावाला रेस दाखव."

 तो चेष्टा करत नव्हता. मागून कुणीतरी यल्ला, यल्ला, चला लवकर, असं म्हणालं. मी पाकीट काढलं. त्या मुलीनं दिलेली मोड मी दोनदा खाली पाडली. माझं एक अर्धं आणि त्याचं एक पूर्ण अशी दोन तिकिटं मी घेतली. त्याचं त्याला दिलं, तर त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

आम्ही वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. पहिल्या दोन शर्यती झाल्या. गाड्या सुटत होत्या, माती उडत होती, लोक उभे राहत होते, आणि मी हाताची घडी घालून बसलो होतो. मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि कुणी केला तेही सांगता येत नव्हतं. तिसऱ्या शर्यतीच्या आधी ट्रॅकवर पाणी मारायला टँकर आला, तेव्हा मी तोंड उघडलं.

"तो माणूस स्वतःहून देत होता. घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"आपल्या मागं स्कॅफोल्डिंगवाले उभे होते, बघितलेस?" भाई म्हणाला. "वाटेत तूच त्यांची वकिली करत होतास. ते पूर्ण भरणार, आणि मी आरडाओरडा करणाऱ्या भावाला घेऊन आलो म्हणून मना अर्धं? हा तुझा कुठला इन्साफ?"

"पण तू एकसष्टचा आहेस. हक्काचं होतं."

"मग गेल्या वर्षी साठीला घरी जायचा पण हक्क होता. तो मी घेतला नाय. कार्डानं मना दोन वर्षं जास्त काम दिलं, ते गुपचूप घेतलं. आता तिकिटापुरतं कार्ड खोटं म्हणू? आणि तुझी नोकरी कार्डानं एक वर्ष आधी खाल्ली. तुना निदान अर्धं तिकीट मिळालं, ते तरी नीट घे."

 वयाच्या सवलतीबद्दल त्या दिवशी मी बरंच बोललो होतो, पण इतका सरळ हिशेब मी केला नव्हता. अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला याचा थोडा रागही आला.

ट्रॅक ओला झाला, टँकर गेला. मी संधी साधून पुन्हा तोच विषय काढला. "भाई, आईच्या डोळ्याचं काय ते आज सांग. मार्च जवळ आलाय. डॉक्टरला कळवायला हवं."

"मना नको विचारू."

"मग कुणाला विचारू?"

"आई काय म्हणते? थोरला सांगेल ते."

"हो, म्हणूनच तर तुला विचारतोय."

"थोरला इथं बसलाय," तो म्हणाला, आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "ऐक. मी हितं अजून दोन वर्षं हाय, चार वर्षं हाय, मना माहीत नाय. तू तिथं असशील. ती रात्री उठली, पडली, रडली, तर तू बघणार. तिच्याजवळ कोण बसणार ते ठरलंय, मग तिचं कोण ठरवणार ते पण तेच. फोनवरून थोरलेपणा करता येत नाय. मी इतकी वर्षं केला, तो बाबांच्या मागं दुसरं कुणी नव्हतं म्हणून केला. दोन महिने मी 'बघू' म्हणतोय. तू स्वतः ठरवशील म्हणून वाट बघत होतो. तुझ्या डोक्यात शिरतच नव्हतं."

मी म्हणालो, "माझ्यानं नाही होणार."

"साठीचा झालास, आणि होणार नाय?"

"एकोणसाठचा," मी म्हणालो.

"सरकार खोटं बोलतंय काय मग?" तो म्हणाला आणि उठला. मी विचारलं, कुठं? म्हणाला, चहा आणतो.

आजवर चहा मी आणत आलो. गावात, गॅरेजात, इथल्या पायऱ्यांवर, कुठंही आम्ही दोघं बसलो आणि चहा हवा असला की धाकटा उठणार, ही आमची रीत. त्याचा उजवा गुडघा दुखतो, आणि त्या पायऱ्या उंच आहेत. मी ताडकन उठलो. त्यानं वळून बोट दाखवलं. "बस. थोरल्यानं उठायचं नसतं." आणि तो एक-एक पायरी बघत खाली गेला.

मी बसलो. आयुष्यात मी बरीच जड कामं केली आहेत, पण त्या पायरीवर नुसतं बसून राहण्याइतकं जड काम मला आठवत नाही. चौथी शर्यत सुटली. बुटाचा तळ करून घेणारा भाईचा रायडर त्यात होता, आणि पहिल्या वळणावर तो सगळ्यांच्या पुढं गेला. आजूबाजूचे ओरडत होते. माझे डोळे चहाच्या गाड्याकडं होते. तिथं रांगेत भाई उभा होता, सगळ्यांत बुटका. पुढच्या माणसाला तो काहीतरी सांगत होता, ट्रॅककडं हात करून. बहुतेक तळाचंच सांगत असेल. आपला भाऊ कसा दिसतो ते इतक्या लांबून मी पहिल्यांदाच बघत होतो. असं वाटलं की खाली जाऊन त्या चाळीस-पन्नास माणसांना एकेक करून सांगावं, हा माझा भाई आहे. थोरला की धाकटा ते कुणाला सांगायची गरज वाटली नाही.

तो वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती. दोन्ही हातांत कागदी पेले, वरून थोडा चहा सांडलेला. एक त्यानं माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. मी उठलो नाही.

"कोण जिंकलं?" त्यानं विचारलं.

"तुझा रायडर," मी म्हणालो. "ऑपरेशन करायचं, भाई. मी ठरवलंय. मार्चमध्ये गेलो की पहिल्याच आठवड्यात. आईला मी आज फोन करून सांगतो. काही झालं तर माझ्या जबाबदारीवर."

तो माझ्या शेजारी बसला, गुडघा सरळ केला, चहाचा घोट घेतला. मी वाट बघत होतो, की आता दोन प्रश्न विचारेल, डॉक्टर कोण, दिवस कुठला, बरोबर कोण जाणार. इतकी वर्षं मी काहीही ठरवलं की त्यानं ते असं तपासून घेतलेलं आहे.

"बरं," तो म्हणाला.